दोनशे अठ्ठावीस घरांचं नाव

आंजी (मोठी), जि. वर्धा
६ जानेवारी २०२५

चि. अंकित यास,
सप्रेम जयभीम.

विषय: विहारातील संगणक काही काम नसताना पडतो, याबाबत.
संदर्भ: तुझ्याशी फोनवर तीन वेळा झालेले बोलणे, ज्याचा काहीही उपयोग झाला नाही.

हसू नकोस. एकतीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेल्या बाईला विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय पुढचं सुचत नाही. फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आणि फोन ठेवला की विसरतोस. कागद टेबलावर पडून राहतो आणि आठवण देत राहतो. म्हणून यापुढे या प्रकरणाचा सगळा व्यवहार लेखी. तुझं उत्तरही कागदावरच हवं. पुण्यात पोस्ट ऑफिस असेलच.

तर हकीकत अशी. दिवाळीच्या सुट्टीत आलास तेव्हा तू तुझा जुना संगणक विहाराच्या वाचनालयाला दिलास. त्यात ती फुकटची प्रणाली घातलीस आणि फोटो ठेवायला 'ड्रॉवर' नावाचा फाइल मॅनेजर शिकवून गेलास. तेव्हापासून मी वस्तीतल्या घराघरांतून जुने फोटो आणते, स्कॅन करते आणि ड्रॉवरमध्ये ठेवते. एकशे नव्वद माणसं झाली. गेलेली आहेत, हयात आहेत, लग्नातली आहेत, रेशनकार्डावरून काढलेली आहेत. ड्रॉवर उघडला की मोठा फोटो दिसतो, खाली त्या माणसाचं नाव, आणि फोटो आपोआप एकामागून एक बदलत जातात. चौदा एप्रिलला हा संगणक सभागृहातल्या मोठ्या पडद्याला जोडायचा, दिवसभर चालू ठेवायचा आणि साऱ्या गावानं आपली माणसं नावासकट बघायची, असं ठरलं आहे. म्हणजे मी ठरवलं आणि समितीनं मान डोलावली.

पण हा ड्रॉवर पडतो. खिडकी एकदम नाहीशी होते, रिकामा पडदा उरतो. मी काम करत असले की शहाण्यासारखा वागतो. मी चहाला उठले की पडतो. वाचनालयाची किल्ली आता बंडूजींकडे असते, ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणतात, "मॅडम, चालती गाडी बंद पडते हे मले समजते. पण उभी गाडी काऊन बंद पडून राह्यली?"

याचं उत्तर हवं आहे. तू दे.

तुझी आत्या
पौर्णिमा

ता. क. आई (तुझी आजी) बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड कुरकुरत नाही असं नाही.


पुणे
१५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

पोस्ट ऑफिस सापडलं. ऑफिसच्या मागेच होतं, सहा वर्षांत दिसलं नव्हतं. तिकीट कुठे चिकटवायचं हे काउंटरवरच्या बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आईची आठवण झाली.

आता आजार. संगणक रिकामा असताना पडतो, याची मला तीन कारणं सुचतात. एक, वीज कमीजास्त होत असेल. दोन, आतली मेमरीची पट्टी सैल झाली असेल. तीन, धूळ. आपल्याकडे धुळीला काही कमी नाही. वर्ध्याला बसस्टँडजवळ संगणक दुरुस्तीची दुकानं आहेत, तिथे नेऊन पट्टी काढून पुसून परत बसवून घे. आणि आठवून सांग, तो पडायला लागला त्याच्या आधी तू काय बदललंस? माझ्या धंद्यातला हा पहिला प्रश्न असतो. दिवसभर मी लोकांच्या प्रोग्रामांतल्या चुका शोधतो आणि प्रत्येक जण सांगतो, काही बदललं नाही. काहीतरी बदललेलं असतंच.

आणि एक कर. तो कधी कधी पडतो ते लिहून ठेव.

तुझा
अंकित


आंजी (मोठी)
२५ जानेवारी २०२५

चि. अंकित,
सप्रेम जयभीम.

विषय: पूर्वीचाच.
संदर्भ: तुझे दि. १५ चे पत्र.

मुद्देसूद उत्तर देते. संगणक रिक्षात मांडीवर घेऊन वर्ध्याला नेला. दुकानदारानं पट्टी काढली, पुसली, बसवली, धूळ उडवली आणि सांगितलं की मशीन ठणठणीत आहे. वीज कमीजास्त होऊ नये म्हणून समितीनं बॅटरी बसवली. ड्रॉवर तरीही पडतो.

काय बदललं, असं विचारतोस. मी काहीही बदललेलं नाही. काम हाती घेतलं तसं पूर्ण करत गेले, एवढंच.

कधी पडतो याची नोंदवही केली आहे. जावक रजिस्टर कोरं होतं, त्यातच रकाने आखले: तारीख, शेवटचा हात लागल्याची वेळ, पडल्याची वेळ, खोलीत कोण होतं, वीज होती की बॅटरी, शेरा. पाच दिवसांत एकेचाळीस नोंदी. सोबत नक्कल जोडली आहे. तुझ्यासाठी सार लिहिते. शेवटचा हात लागल्यापासून बरोबर दहा मिनिटांनी तो पडतो. नऊ नाही, अकरा नाही. खोलीत कोणी असो वा नसो. आई समोर बसून त्याच्याकडे टक लावून बघत होती तरी पडला. तेव्हा ती त्याला जे म्हणाली ते शेऱ्यात लिहिलेलं नाही.

सध्या तोडगा काढला आहे. बंडूजी दर आठ मिनिटांनी येऊन माउस हलवतात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, त्यांनी घड्याळात गजर लावून ठेवला आहे. काल म्हणाले, "मी तीस वर्ष गाडी चालवली मॅडम, आता हे असं म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसलो का?" पण बसतात. जयंतीला मात्र त्यांना पंचशील ध्वज धरायचा आहे, आणि सभागृहात दोनशे माणसांसमोर कोणी माउस हलवत बसलेलं मला चालणार नाही. आपल्या माणसांचे फोटो पडद्यावर असताना एकदम अंधार झाला तर मी तो दिवस विसरू शकणार नाही, अंकित. काहीतरी कर.

तुझी आत्या
पौर्णिमा


पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझी नोंदवही मी आमच्या टीमच्या बैठकीत दाखवली. मराठी कोणाला कळलं नाही, पण रकाने सगळ्यांना कळले. आमचा साहेब म्हणाला, या बाईंना नोकरीवर घ्या. मी म्हटलं, त्या निवृत्त आहेत आणि तुम्हाला परवडणार नाहीत. दोन दिवस छाती फुगवून फिरत होतो.

बरोबर दहा मिनिटं, ही खरी खूण आहे. म्हणजे वीज नाही, पट्टी नाही, धूळही नाही. तुला रिक्षातून वर्ध्याला पाठवलं त्याबद्दल माफ कर. कोणी हात लावत नाही असं दिसलं की ड्रॉवर स्वतःचं काहीतरी काम काढतो. सगळे गेल्यावर घरातली बाई आवराआवर करते तसं. त्या कामात तो अडखळतो. कुठे, ते तोच सांगेल.

मागच्या पानावर मी पायऱ्या लिहिल्या आहेत. ती काळी खिडकी उघड, त्यात मी दिलेला शब्द टाइप कर. ड्रॉवर उघडेल. मग दहा मिनिटं हात लावू नकोस. बंडूजींना चहा पाज. तो पडला की काळ्या खिडकीत इंग्रजीत बरंच काही लिहून आलेलं असेल. त्याचा फोनवर फोटो काढून पाठव. तेवढ्यापुरती लेखी व्यवहारातून सूट दे.

तुझा
अंकित


आंजी (मोठी)
१२ फेब्रुवारी २०२५

चि. अंकित,
सप्रेम जयभीम.

सूट नामंजूर. फोटोत पडद्यावर ट्यूबलाइट चमकते आणि अक्षर नीट येत नाही. काळ्या खिडकीतला मजकूर मी हातानं उतरवून पाठवत आहे, पाने दोन. प्रत्येक ओळ दोनदा ताडून पाहिली. ठिपके, रेघा, कंस, सगळे आहेत. माझ्या हाताखालून एकतीस वर्षांत एकही नक्कल चुकीची गेली नाही.

फक्त शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल शेरा लिहावा लागला, तो वाच.

बंडूजी चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "पडला ना? मी नव्हतो म्हणून पडला." आता त्यांना कोण समजावणार.

पौर्णिमा


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,
जयभीम!

सापडलं. आणि माझ्यामुळे नाही, तुझ्या शेऱ्यामुळे.

तू उतरवलेल्या शेवटून दुसऱ्या ओळीत एका फाइलचं नाव आहे, आजोबांच्या फोटोचं. ते असं: 'श्रद्धेय हरिदासजी सखारामजी ताकसांडे, राहणार आंजी (मोठी), गवंडी व वाचनालयाचे संस्थाप'. त्यापुढे तू एक चौकोन काढला आहेस आणि समासात लाल शाईनं लिहिलंयस, "येथे 'क' हवा. मूळ नावात आहे. तो मशीनने खाल्ला, मी नाही. सही."

फोटो पाठवला असतास तर मी त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे गेलो असतो. तुझ्या लाल शाईसमोर थांबलो.

आता नीट सांगतो. संगणक नावातली अक्षरं मोजत नाही, घरं मोजतो. इंग्रजी अक्षराला एक घर लागतं. आपल्या लिपीत अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार या प्रत्येकाला तीन तीन घरं लागतात. एका फाइलच्या नावाला मिळून दोनशे पंचावन्न घरं असतात. आजोबांचं नाव, शेवटी येणारी फाइलची खूण (.jpg) धरून, दोनशे अठ्ठावीस घरांचं आहे. म्हणजे बसतं. पण दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की ड्रॉवर प्रत्येक फोटोची छोटी नक्कल करायला घेतो आणि तिच्या नावाच्या आधी आपली बत्तीस घरांची चिठ्ठी चिकटवतो. झाली दोनशे साठ. पाच जास्त. मग तो शेवटची पाच घरं कापून टाकतो. चार घरं फाइलच्या खुणेची जातात आणि एक जातं 'क'चं. क ला तीन घरं हवीत, दोनच उरतात. अर्ध्या अक्षराचं काय करायचं हे त्याला कळत नाही आणि तो पडतो. सर्वांत आधी स्कॅन केलेला फोटो आजोबांचा, म्हणून दर वेळी पहिला घाव तिथेच.

तू म्हणालीस काही बदललं नाही. दिवाळीत फाइलींना नुसते आकडे होते, आत्या. मग तू नावं घातलीस!

तेव्हा उपाय पाच मिनिटांचा आहे. लांब नावं छोटी कर. 'हरिदास ताकसांडे' पुरे. श्रद्धेय, राहणार, गवंडी, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून ठेव. अशी लांब नावं सात-आठच असतील. जयंतीला ड्रॉवर दिवसभर उभा राहील, बंडूजी ध्वज धरायला मोकळे.

तुझा विजयी
अंकित


आंजी (मोठी)
१ मार्च २०२५

चि. अंकित,
सप्रेम जयभीम.

विषय: नावे कमी करण्याबाबत. नामंजूर.

तू चूक शोधलीस याचा मला अभिमान वाटला. पत्र आईला वाचून दाखवलं, बंडूजींना दाखवलं. अर्ध्या क ची गोष्ट बंडूजी आता आठवडी बाजारात सांगतात आणि दर वेळी घरं वाढवून सांगतात.

पण उपाय मान्य नाही.

सोबत एक झेरॉक्स पाठवत आहे. तुझ्या आजोबांचा शाळेचा दाखला आहे. कुठली शाळा ते विचारू नकोस, आता त्या गावाशी आपला संबंध नाही. नावाचा रकाना वाच. 'हऱ्या वल्द सखऱ्या', म्हणजे सखऱ्याचा पोरगा हऱ्या. एवढंच. आडनाव नाही. शाळेच्या रजिस्टरात त्याच पानावर दुसऱ्यांच्या पोरांची नावं पूर्ण आहेत, बापाच्या नावापुढे राव, पंत, जी. मी कचेरीत नोकरीला लागल्यावर ते पान स्वतः जाऊन पाहून आले. जागा भरपूर होती, अंकित. रकाना चांगला चार बोटं रुंद होता. लिहिणाऱ्याला आमची नावं तेवढी लिहायची नव्हती.

बाबांनी तो दाखला आयुष्यभर जपला. चौथीत शाळा सुटली, गवंडीकाम शिकले. या विहाराची मागची भिंत आणि वाचनालयाची खोली त्यांच्या हातची आहे. मजुरी घेतली नाही आणि उद्घाटनाच्या पाटीवर नावही घातलं नाही, कारण पाटीवर आधीच पाहुण्यांची गर्दी होती. मी कारकून झाले तेव्हा मला म्हणाले, "पोरी, कोणाचंई नाव लिहिशील तं पुरं लिहिजो. माह्यासारखं नको करजो कोणाचं." मी एकतीस वर्षं पुरं लिहिलं. समोर उभा असलेला मजूर असो की साहेब. साहेब चिडायचे, जागा वाया घालवते म्हणायचे.

आता मशीन म्हणतं जागा नाही. आणि तू म्हणतोस, कापून टाक, पुरे आहे. 'पुरे' हा शब्द वाचून मला रडू आलं, खरं सांगते. तू वाईट हेतूनं लिहिलं नाहीस हे मला माहीत आहे. पण नावं कापली जाणार नाहीत. चिठ्ठी प्रोग्रामनं चिकटवली आहे ना? मग कापायची तर त्यानं आपली चिठ्ठी कापावी.

त्यापेक्षा जयंतीला मी स्वतः माउस हलवत बसेन.

पौर्णिमा ताकसांडे
(पूर्ण: पौर्णिमा हरिदास ताकसांडे)


आंजी (मोठी)
१८ मार्च २०२५

चि. अंकित,

स्मरणपत्र क्र. १.

माझ्या दि. १ च्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. रागावला असशील तर तसं लेखी कळव.

पौ. ह. ता.

ता. क. ही सही आई म्हणाली म्हणून लहान केली. ती म्हणते, "पोरगा घाबरला असंन."


पुणे
२५ मार्च २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

रागावलो नाही. घाबरलोही नाही, आजीला सांग. लाज वाटत होती आणि ती कशी लिहायची ते सुचत नव्हतं.

दाखल्याची झेरॉक्स मी टेबलावर ठेवली होती. शेजारच्या माझ्या ओळखपत्रावर काय लिहिलंय माहीत आहे? 'अंकित टी.' कंपनीत मला सगळे याच नावानं ओळखतात. पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात एकानं जेवताना विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागला. नंतरच्या कंपनीत फॉर्म भरताना मी टी. लिहिलं. कोणी जबरदस्ती केली नाही. रकाना रुंद होता, आत्या. मीच कापलं. आणि तुला मोठ्या ऐटीत सांगितलं की 'हरिदास ताकसांडे' पुरे.

तर मी नावं कापणार नाही आणि तुलाही माउस हलवू देणार नाही. ड्रॉवरच दुरुस्त करतोय. तो फुकटचा प्रोग्राम आहे म्हणजे त्याची आतली रचना सगळ्यांना उघडी आहे, कोणीही दुरुस्ती पाठवू शकतं. दोन आठवडे संध्याकाळी तेच करत होतो. आता तो नावाला चिठ्ठी चिकटवणार नाही, नक्कल आकड्यानं ठेवेल आणि माणसाचं नाव जसंच्या तसं सोडेल. दुरुस्ती पाठवली. ड्रॉवर सांभाळणारी बाई नॉर्वेत राहते. तिनं तपासून एकच प्रश्न विचारला: इतकी लांब नावं फाइलींना कोण देतं?

मी लिहिलं, माझी आत्या देते.

मग नीट लिहिलं. घरांचा हिशोब तर सांगितलाच, दाखल्याचंही सांगितलं. अजून उत्तर नाही. दुरुस्ती घ्यायची की नाही हे तिच्या हातात आहे, आणि न घेतल्यास काय करायचं ते मला माहीत नाही. तू थोडा धीर धर.

अंकित


पुणे
५ एप्रिल २०२५

आत्या,
जयभीम, जयभीम, जयभीम!

घेतली. काल नवी आवृत्ती निघाली. या पाकिटात पेनड्राइव्ह आहे, स्पीड पोस्टनं पाठवतोय. पायऱ्या मागच्या पानावर.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

दुरुस्ती करणाऱ्यानं खाली आपलं नाव लिहायचं असतं. ते कायम राहतं, जगात कुठेही बसून कोणीही वाचू शकतं. मी सवयीनं 'अंकित टी.' लिहिलं होतं. ते पुसलं आणि लिहिलं, अंकित नागसेन ताकसांडे. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, जेवलास का. ऑफिसातही अर्ज दिला आहे. नवं ओळखपत्र सोमवारी मिळेल.

आता दुसरी गोष्ट. प्रोग्रामची नवी आवृत्ती काढायच्या आधी त्याची परीक्षा घेतात. माणूस घेत नाही, आधी लिहून ठेवलेले प्रश्न असतात, ते मशीनच विचारतं. एका प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी आवृत्ती निघत नाही. दुरुस्ती पाठवणाऱ्यानं तिचा एक प्रश्नही सोबत द्यायचा असतो. बाईनं मला लिहिलं, लांब नावाचं एखादं उदाहरण बनवून दे.

मी बनवलं नाही. आजोबांचं दिलं. श्रद्धेयपासून संस्थापकपर्यंत, स्वल्पविराम आणि कंसासकट. म्हणजे यापुढे ड्रॉवरची प्रत्येक आवृत्ती, ती नॉर्वेत तयार होवो की आणखी कुठे, आधी आजोबांचं पूर्ण नाव घेऊन दाखवणार. एका अक्षरावर जरी अडखळली तरी नापास.

चौदाला येतोय. आदल्या रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचतो.

तुझा
अंकित नागसेन ताकसांडे


आंजी (मोठी)
१९ एप्रिल २०२५

चि. अंकित नागसेन ताकसांडे यास,
सप्रेम जयभीम.

विषय: प्रकरण बंद करण्याबाबत.

तू होतास, सगळं डोळ्यांनी पाहिलंस, तरी लिहिते. नस्ती, म्हणजे फाइल, बंद करायला शेवटचा कागद लागतो.

दि. १४ एप्रिल, सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी संगणकाला शेवटचा हात लागला. रात्री नऊपर्यंत कोणी हात लावला नाही. पडला नाही. रजिस्टरमध्ये ही शेवटची नोंद, शेऱ्याच्या रकान्यात "निरंक". तीनशे बारा माणसं पडद्यावर आली आणि गेली. जाधव गुरुजींचा नातू आपल्या पणजीचं नाव मोठ्यानं वाचत होता, ते ऐकून चार पोरं आपापल्या घरच्यांची नावं शोधून वाचायला लागली. तीनशे लोकांत नावं घुमत होती. मला वाटलं होतं मी रडेन. मी नुसती ताठ उभी होते. इतकी ताठ की दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

बंडूजींनी ध्वज धरला, पण घड्याळातला गजर काढायचा विसरले. दर आठ मिनिटांनी वाजला. शेवटी म्हणाले, "वाजू दे. त्याले समजू दे, आता माह्यी गरज नाई."

ओळखपत्राचं तू इथे आल्यावर बोलला नाहीस, पण गळ्यात घालून आलास ते मी पाहिलं. गाडीत सुद्धा काढलं नाहीस म्हणे. तुझ्या टी. बद्दल मी तुला काही बोलणार नाही. तुझ्या आजोबांच्या नावाचं जे दुसऱ्यांनी केलं ते तू स्वतःच आपल्या नावाचं करत होतास, कारण तो डबा दुसऱ्या टेबलावर गेला होता. चूक तुझी नव्हती. पण परत लिहिलंस ते मात्र सगळं तुझं आहे, आणि त्याचा मला जो अभिमान आहे तो या कागदावर मावत नाही.

तुला न दिसलेली एक गोष्ट. तू दुपारी जेवायला गेला होतास तेव्हा आई पडद्यासमोर आली. तुला माहीत आहे, तिला वाचता येत नाही. बाबांचा फोटो लागला होता. तिनं फोटोला हात जोडले आणि मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. पडद्याच्या एका टोकापासून निघाली, काठी टेकत, अक्षराअक्षरावर बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मध्ये एकदा दम खायला थांबली. मग वळून मला विचारलं,

"हे सारं त्यायचंच नाव आहे काय वं?"

मी म्हटलं, "हो आई. सारं त्यायचंच."

तुझी आत्या
पौर्णिमा हरिदास ताकसांडे